सोंग, ताल आणि धग : मोबाइल प्रोसेसरच्या तुलनेची प्रस्तावना

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात अर्धा तास उभे राहिले, की गिऱ्हाइकांचे प्रश्न पाठ होतात. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती पुरते, हप्त्यावर मिळेल का. आणि पाकिटाला हात घालण्याआधी शेवटचा : ‘तापत नाही ना?’ आधीच्या प्रश्नांना दुकानदार आकड्यांत उत्तर देतो. या शेवटच्या प्रश्नाला मात्र ‘नाही हो दादा, बिनधास्त घ्या’ एवढेच म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही. खोक्यावर प्रोसेसरचे नाव असते, गाभ्यांची (कोरची) संख्या असते, गिगाहर्ट्झ असतात. किती मिनिटांनी किती तापेल आणि तापल्यावर किती मंदावेल, हे छापलेले नसते.

हे पुस्तक त्या न छापलेल्या आकड्याविषयी आहे. मोबाइलमधल्या प्रोसेसरांची तुलना करताना त्यांचा वेग कसा मोजावा, उष्णता कशी ओळखावी आणि जुन्या गेम-यंत्रांचे एम्युलेशन ही त्यांची सर्वांत कडक परीक्षा का ठरते, असे तीन विषय त्यात आहेत. अभ्यासक्रमात ते तीन वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जातात : वेग संगणकशास्त्रात, उष्णता भौतिकीत, आणि गेमचा विषय निघालाच तर वर्गाबाहेर, कॅन्टीनमध्ये. माझे म्हणणे एवढेच, की हा मुळात एकच विषय आहे. तो तसा का आहे, हे मला पुस्तकातून नाही, फरशीवरून कळले.

एप्रिलमधली दुपार होती. एक विद्यार्थी नवा फोन घेऊन आला. फोनचा वेग-चाचणीतला गुणांक भरघोस होता आणि त्यावर प्लेस्टेशन २ चा एक जुना गेम छान चालत होता. पंधराएक मिनिटे गेली आणि आवाज चिरकायला लागला. चित्र अजून ठीक होते. गाण्याचे मात्र तुकडे पडत होते, जणू कॅसेटची टेप अडकते आहे. मी फोनचे कव्हर काढायला लावले आणि फोन पाठीवर शहाबादी फरशीवर ठेवला. थोड्या वेळाने आवाज सरळ झाला. प्रोसेसर तोच, गेम तोच, सेटिंगही तेच. बदलली होती ती फक्त खालची फरशी. त्या मुलाने विचारले, ‘सर, मग गुणांक कुणाचा? फोनचा, की फरशीचा?’ या क्षेत्रात शिरायला याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही.

आधी शब्द

मराठी वाचकाचा एक फायदा आहे : आपल्याकडे या विषयाचे निम्मे शब्द शाळेपासून तयार आहेत. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी, हे आपण सातवी-आठवीत शिकतो आणि मोबाइल हातात आल्यावर विसरतो. उष्णता ही ऊर्जा; तापमान ही तिची पातळी. एखादा प्रोसेसर भरपूर उष्णता निर्माण करूनही हाताला गार लागू शकतो, कारण ती उष्णता पसरवायला आत मोठे पत्रे आहेत. दुसरा कमी उष्णता निर्माण करतो, पण ती एकाच कोपऱ्यात साठते आणि बोटाला चटका बसतो. म्हणून ‘हा प्रोसेसर तापतो’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अर्धवट आहे. प्रोसेसर वीज खातो. तापतो तो फोन.

तसेच ‘वेग’ आणि ‘कार्यक्षमता’. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. या पुस्तकात वेग म्हणजे ठरावीक वेळात झालेले काम, आणि कार्यक्षमता म्हणजे ठरावीक विजेत झालेले काम. जाहिरात पहिल्याची असते, मोबाइल चालतो दुसऱ्यावर.

एम्युलेशनला मराठी प्रतिशब्द शोधताना मात्र मी बरेच दिवस अडलो. ‘नक्कल’ म्हणावे, तर त्यात बाह्यरूप येते, आतली रीत येत नाही. शेवटी शब्द मिळाला तो आमच्याच जिल्ह्यात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. माणसे देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवतात आणि संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत पुढे येते. सोंग म्हणजे फक्त चेहरा नव्हे. ज्याचे सोंग, त्याची चाल आली पाहिजे, त्याचा पवित्रा आला पाहिजे, आणि संबळाचा ठेका सुटता कामा नये. एम्युलेटर हेच करतो. एका जातीचा प्रोसेसर दुसऱ्या जातीच्या यंत्राचे सोंग घेतो, आणि मूळ यंत्राच्या ठेक्यावर घेतो. मुखवटा जड असतो आणि नाचणाऱ्याला घाम फुटतो, हेही दोन्हीकडे सारखेच.

वीज, वेग आणि वर्ग

या क्षेत्राचे एकच सूत्र पाठ करायचे असेल तर हे करा : चिपमध्ये खर्च होणारी वीज ही वारंवारितेच्या सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारिता म्हणजे गिगाहर्ट्झ, ती खोक्यावर असते. व्होल्टेज नसते. पण वारंवारिता चढवायची तर एका मर्यादेपुढे व्होल्टेजही चढवावे लागते. समजा दोन्ही वीस टक्क्यांनी वाढवले. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे सुमारे १.७३. वीस टक्के वेगासाठी त्र्याहत्तर टक्के जास्त वीज, आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता.

पूर्वी हा हिशेब इतका बोचत नव्हता. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ट्रान्झिस्टर लहान करत नेले आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत नेले, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावूनही उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षे उद्योग या नियमावर सुखाने जगला. २००५ च्या आसपास तो नियम मोडला. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले. त्यावर ही गळती तापमानाबरोबर वाढते : चिप तापली की जास्त गळते आणि जास्त गळली की आणखी तापते.

गंमत अशी, की आज आपल्या खिशात जी प्रोसेसरांची घराणी आहेत, त्यांचा मूळपुरुष काटकसरी होता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेली पहिली एआरएम चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालली. तिची वीज मोजायला गेले तेव्हा मीटरवर शून्य. वीजपुरवठा जोडायचाच राहिला होता. शेजारच्या सर्किटातून इतर पायांवाटे जी थोडी वीज आत येत होती तिच्यावरच चिप काम करत होती. २०११ मध्ये एआरएमने थोरले आणि धाकटे गाभे एकाच चिपवर बसवण्याची रचना जाहीर केली : जड काम थोरल्याने करायचे, किरकोळ काम धाकट्याने. आज ‘आठ गाभे’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा असे एकत्र कुटुंब असते. सगळे सारखे राबत नाहीत, आणि राबावेत अशी अपेक्षाही नसते.

तुलना शुद्ध कधी होते

दोन फोन शेजारी ठेवले आणि एक जिंकला, तर काय सिद्ध झाले? बहुधा फारसे काही नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस२० एफई भारतात आला तो एक्सिनॉस ९९० घेऊन. पुढच्या मार्चमध्ये त्याचाच ५जी अवतार आला स्नॅपड्रॅगन ८६५ घेऊन. नाव जवळपास तेच. पण दोन चिपांचे मोठे गाभे वेगळे, चित्र काढणारे विभाग वेगळे, त्या घडवणारे कारखाने वेगळे. फरक दिसला, तर तो यांपैकी कुणाच्या खात्यावर टाकायचा?

याउलट स्नॅपड्रॅगनवाल्या क्वालकॉमने आपल्या हातून एक जवळजवळ आदर्श प्रयोग घडवला. २०२१ च्या अखेरीस स्नॅपड्रॅगन ८ जेन १ जाहीर झाला. तो सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडला होता, आणि तो फार तापतो अशी ओरड लगेच सुरू झाली. २०२२ च्या मे महिन्यात ८ प्लस जेन १ आला. गाभ्यांची मांडणी तीच, पण कारखाना तैवानच्या टीएसएमसीचा. वारंवारिता ३.० वरून ३.२ गिगाहर्ट्झवर चढली, आणि तरी प्रोसेसरची वीज तीस टक्क्यांपर्यंत उतरल्याचा कंपनीचा दावा होता. स्वयंपाकी बदलला नाही, पाककृती बदलली नाही, चूल बदलली. विद्यार्थ्यांनो, मोबाइलच्या बाजारात जवळजवळ एकच चल बदललेला प्रयोग इतक्या स्वच्छ रूपात क्वचित सापडतो. त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

निफाड आणि नाशिक

आता हवामान. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात निफाडचा पारा येतो : कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद, कधी कधी पाच अंशांच्याही खाली. आणि एप्रिल-मेमध्ये त्याच जिल्ह्यात दुपारी चाळिशी गाठली जाते. एकाच जिल्ह्यात एवढा पल्ला असेल, तर फोनच्या परीक्षेत खोलीचे तापमान न लिहिणे म्हणजे वजनकाट्यावर पारडे न पाहता माल तोलणे.

गणित सोपे आहे. बहुतेक फोनना पंखा नसतो. चिपमधली उष्णता ग्राफाइटच्या पातळ पत्र्यातून किंवा वाफेच्या चपट्या कप्प्यातून पसरते, फ्रेमपर्यंत येते, आणि तिथून हवेत नाहीतर तळहातात जाते. ती किती वेगाने जाईल, हे ढोबळमानाने फोनचे अंग आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. फोनचे अंग ४४ अंशांवर पोचल्यावर यंत्रणा त्याला आवर घालते, असे धरू. वातानुकूलित दुकानात २४ अंश, फरक वीस. एप्रिलच्या दुपारी पंख्याखालच्या खोलीत ३८; फरक सहा. म्हणजे त्याच फोनला उष्णता बाहेर टाकायला एक-तृतीयांशाहूनही कमी वाव. निफाडच्या आठ अंशांच्या पहाटे फरक छत्तीस, दुकानातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. दुकानात हातात घेऊन पाहिलेला फोन आणि माजघरात चालणारा फोन हे कागदावर एकच असतात, एवढेच.

फरशीचे कोडेही इथेच सुटते. दगड हवेपेक्षा उष्णता कितीतरी पटींनी चांगली वाहून नेतो आणि पुष्कळ साठवतो. म्हणून फरशी चालते. फ्रीज मात्र नाही : बाहेर काढल्यावर फोनच्या आत दव धरते, आणि मग प्रोसेसरची चिंता करायची वेळच उरत नाही.

मोजमाप आणि त्यातली सोंगे

आपल्याकडे म्हण आहे : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. मोबाइलच्या जगात वेगाचेही सोंग आणता येते, निदान काही मिनिटांपुरते. २०१८ मध्ये हुवावेचे काही फोन परीक्षेचे अ‍ॅप ओळखून त्याच्यापुरता जोर लावतात असे आढळले, आणि थ्रीडीमार्क या चाचणीच्या चालकांनी ते यादीतून काढले. २०२२ मध्ये प्रकार उलटा झाला. सॅमसंगच्या फोनमधली एक सेवा गेम आणि अनेक अ‍ॅप यांचा वेग दाबून ठेवत होती, चाचणीच्या अ‍ॅपला मात्र मोकळे सोडत होती. गीकबेंच या चाचणीच्या चालकांनी गॅलेक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या पिढ्यांतले फोन यादीबाहेर काढले. एकाने परीक्षेत जोर वाढवला, दुसऱ्याने परीक्षेबाहेर कमी केला. प्रगतिपुस्तकावर दोन्ही सारखेच दिसतात.

यावर उपाय म्हणजे लांब परीक्षा. थ्रीडीमार्कच्या ताण-चाचणीत एकच दृश्य वीस मिनिटे पुन्हा पुन्हा चालवतात आणि सर्वांत वाईट फेरीचा गुणांक सर्वांत चांगल्या फेरीच्या किती टक्के आहे ते सांगतात. या एका टक्केवारीत वेग आणि उष्णता एकत्र येतात. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, आणि पुढे परम पद्म २००३ च्या जूनमध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. त्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे दोन आकडे असतात : कागदावरचा शिखरवेग, आणि प्रत्यक्ष गणिते सोडवताना टिकलेला वेग. क्रम लावतात तो दुसऱ्यावरून. महासंगणकाला जो न्याय, तो खिशातल्या संगणकाला का नसावा?

सोळा मिलिसेकंदांचा ठेका

आता एम्युलेशन. पुष्कळ गेम सेकंदाला साठ चित्रे दाखवतात. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी १६.६७ मिलिसेकंद. साधा गेम उशीर झाला तर चित्रातला तपशील कमी करून वेळ पाळू शकतो. एम्युलेटरला ही सूट जवळजवळ नाही. मूळ यंत्र त्या वेळात जे जे करत होते, ते सगळे झालेच पाहिजे. नाही झाले, तर खेळातला काळच संथ होतो. चित्रातला थोडा उशीर डोळा माफ करतो, आवाजातला कान करत नाही. म्हणून त्या दुपारी आधी गाणे चिरकले. ठेका चुकला, की आधी संबळवाल्याला कळते.

हे काम जड का? मूळ गेम दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला असतो. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर एमआयपीएस घराण्यातला आणि जेमतेम ३०० मेगाहर्ट्झचा; गेमक्यूबचा पॉवरपीसी, ४८६ मेगाहर्ट्झचा; फोनचा एआरएम. भाषांतराच्या दोन रीती आहेत. जमिनीचे जुने मोडी कागद घरात असले की ते वाचणाऱ्याकडे न्यावे लागतात. दर वेळी कागद त्याच्यापुढे धरून एकेक ओळ वाचून घेतली, ही एक रीत : अचूक, पण संथ. त्याच्याकडून एकदा देवनागरीत उतरवून घेतले आणि पुढे ते बाडच वापरले, ही दुसरी. आजचे वेगवान एम्युलेटर दुसऱ्या रीतीने चालतात. खेळ चालू असतानाच तुकडे भाषांतरित करतात आणि जपून ठेवतात. मूळ कागदात कुणी खाडाखोड केली, तर मात्र तो तुकडा पुन्हा उतरवावा लागतो.

आणि काही गोष्टी भाषांतरात बसतच नाहीत. प्लेस्टेशन २ चे अपूर्णांकांचे गणित प्रमाण नियमांप्रमाणे नव्हते. त्यात ‘अनंत’ ही संख्याच नव्हती. फोनचे गणित प्रमाणाबरहुकूम चालते, म्हणून एम्युलेटरला प्रसंगी मुद्दाम ‘चुकीचे’ उत्तर काढावे लागते. अचूकतेची किंमत किती, याचे प्रसिद्ध उदाहरण सुपर निन्टेंडोचे. त्याचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याचे अगदी काटेकोर सोंग आणायला बीएसनेस या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागेल असे सांगितले होते. सुमारे आठशेपट!

मूळ यंत्रातले भाग एकमेकांची वाट पाहत चालत, त्यामुळे हे काम आठ गाभ्यांत वाटून टाकता येत नाही. भार एका-दोन थोरल्यांवरच पडतो, तेच सर्वाधिक वारंवारितेवर पळतात, आणि मघाचे वर्गाचे सूत्र तिथेच सर्वांत जास्त भोवते. तीन विषय एक होतात ते या जागी. चित्राच्या बाबतीत आणखी एक पदर आहे : ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणाऱ्या विभागाला कामे सांगणारे सॉफ्टवेअर. स्नॅपड्रॅगनमधल्या अ‍ॅड्रिनो या चित्र-विभागासाठी मेसा या मुक्त प्रकल्पात टर्निप नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे. एम्युलेशनवाले स्नॅपड्रॅगनकडे ओढले जातात त्यामागे चिपइतकाच या ड्रायव्हरचा हात आहे. कागदावर बरोबरीची असलेली मीडियाटेकची चिप इथे मागे पडू शकते, आणि त्यात सिलिकॉनचा काही दोष नसतो.

कायद्याविषयी थोडक्यात. एम्युलेटर लिहिणे आणि गेमची प्रत चोरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात, एम्युलेटर बनवण्यासाठी मूळ यंत्राचा उलगडा करणे मान्य केले; गेमवरचा हक्क मात्र त्याच्या कर्त्याचाच राहतो. या पुस्तकातले प्रयोग स्वतःच्या मालकीच्या गेमवर किंवा छंद म्हणून मोफत दिलेल्या गेमवर करावेत.

पुस्तक कसे वाचावे

पहिली दोन प्रकरणे विजेची आणि उष्णतेची आहेत. ज्याला गेमचीच घाई आहे त्याने ती सोडली तर पुढे अडखळेल. मधली तीन मोजमापाची. शेवटची तीन एम्युलेशनची, सोप्याकडून अवघडाकडे : आधी ज्या यंत्राच्या कॅसेटी आपण फुंकर मारून लावत होतो ते आठ-बिटी, मग पीएसपी, मग प्लेस्टेशन २. ‘कोणता प्रोसेसर सर्वोत्तम’ अशी यादी मी मुद्दाम दिलेली नाही. छापून होईपर्यंत ती शिळी होते. मोजण्याची रीत टिकते.

प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती एक वही, भिंतीवरचा तापमापक आणि धीर. फोनचे कव्हर काढा, चार्जर काढा, पडद्याचा उजेड ठरावीक ठेवा, विमान-मोड लावा. खोलीचे तापमान लिहा. अर्धा तास तोच खेळ चालवा, दर पाच मिनिटांनी चित्रगती (सेकंदाला किती चित्रे) नोंदवा. फोन पूर्ण निवल्यावर पुन्हा, असे तीनदा. मग हेच भर दुपारी करा आणि पहाटे करा. दोन आलेख एकाच कागदावर काढा. रेषा कुठे वेगळ्या होतात, तिथे हा विषय सुरू होतो.

दुरुस्तीच्या दुकानात बसणारे, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातले, शाळेत विज्ञान शिकवणारे, आणि आई-वडिलांना ‘हा गेम नाही, अभ्यास आहे’ हे पटवू पाहणारे, अशा सगळ्यांचे इथे स्वागत आहे. शेवटच्या गटाला आता निदान आलेख तरी दाखवता येईल.

आणि कधी तुम्हीच काउंटरच्या पलीकडे उभे असाल आणि समोरचा विचारेल, ‘तापत नाही ना?’, तर लगेच ‘नाही हो’ म्हणू नका. त्याला विचारा, ‘दादा, कुठे वापरणार? किती वेळ?’ आणि वही उघडा.

नाशिक
चैत्र महिना